अमावस्येला न केलेली सही

सरकारी शाळेची बैठक अमावस्येला भरते हे मला जयपूरला आल्यावर कळलं. इथले गवंडी, फरशीवाले, बिगारी अमावस्येला काम बंद ठेवतात. सरकारी शाळेत मुलं त्यांचीच असतात. त्या दिवशी आईबाप मोकळे, म्हणून शाळेची समिती दर अमावस्येला बसते. ज्यानं कुणी हे ठरवलं असेल त्याला मी नावं ठेवणार नाही. सोय चांगली आहे. पण आमच्याकडे, नगर जिल्ह्यात, अमावस्येला लेक सासरी धाडत नाहीत, नवं काम काढत नाहीत, आणि कागदावर सही तर करतच नाहीत. हा नियम मी जन्मभर पाळला. माझ्या नातीचं शाळेतलं नाव त्यात गेलं. घरात हा विषय निघाला की सगळे उठून दुसऱ्या खोलीत जातात, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा शेजारच्या गावात होती आणि तिथं मुलींना पाठवत नसत. वाचता येतं, पण बोट ठेवून. हिंदीची अक्षरं आपलीच असल्यामुळे इथं माझं अडत नाही. छापलेलं असलं तर बरं जमतं. कुणी हातानं घाईघाईत लिहिलेलं असलं की एकेका शब्दाशी थांबावं लागतं. ही गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगितली.

मुलगा विम्याच्या ऑफिसात अधिकारी आहे. त्याची बदली इथं झाली आणि आम्ही दुर्गापुऱ्यात भाड्यानं राहायला आलो. सून एका लॅबमध्ये रक्त तपासते. दोघं सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. राहिलो मी आणि नात. ती जन्मली तेव्हा उशिरा रडली. एक पाय ओढत चालते, अर्धे शब्द बोलते, तोंडातून लाळ गळते. लोक तिला मतिमंद म्हणायचे, आता दिव्यांग म्हणतात. मला दोन्ही शब्दांचं काही वाटत नाही. तिला काय हवं ते कुणी विचारतं का, एवढं मी बघते.

आधी आम्ही खाजगी शाळा हिंडलो. पहिल्या शाळेनं सांगितलं, जागा भरल्या. दुसरीनं सांगितलं, आमच्याकडे सोय नाही. तिसऱ्या शाळेतली बाई म्हणाली, ‘बाकीच्या पालकांना आवडत नाही हो.’ त्या बाईचा मला राग आला नाही. निदान खरं बोलली. मग घराजवळच्या सरकारी शाळेत गेलो. तिथं नाही म्हणता येत नाही, म्हणून तिथल्या मोठ्या बाई हो म्हणाल्या.

मुलाच्या ऑफिसातल्या मराठी घरांतून संक्रांतीला हळदीकुंकू असतं. त्या वर्षी वाण घेता घेता एक बाई मला म्हणाली, ‘सरकारी शाळेत घातलंत? अहो काकू, तिथं कामवाल्यांची मुलं असतात.’

‘असतात ना,’ मी म्हटलं. ‘त्यांच्यात अधिकाऱ्याची एकटी आमचीच. पण त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.’

शेजारी बसलेल्या सुनेनं वाण पिशवीत टाकलं आणि मला हाताला धरून उठवलं.

शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मॅडमजी म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी अट घातली. घरचं कुणीतरी सोबत बसत असेल तर मुलगी ठेवू. हिला शी-शूला कोण नेणार? अशी अट घालता येत नाही हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. तोवर मी बसले. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, नळाच्या बाजूला, घरून नेलेल्या बस्करावर. उन्हाळ्यात जाळीतून गरम वाऱ्याची लू यायची, थंडीत फरशीतून गार चढायचं. पोरं मला व्हरांड्यातली अम्मा म्हणत. कुणाचं नाक पुसून दे, कुणाच्या बुटाची नाडी बांधून दे. आत माझी नात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेली असायची. वर्गाच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्या तिच्याकडे बघतच नसत, एवढंच.

व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. दारावर निळ्या रंगात लिहिलेलं, रिसोर्स रूम. खिडकीतून मी बघितलं होतं. आत पट्टे लावलेलं टेबल, मोठा आरसा, धरून चालायचे दोन दांडे, मोठमोठे चेंडू. सगळं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. कुलपाची किल्ली मॅडमजींच्या पर्समध्ये. तपासणीला कुणी आलं की कागद काढायचे, नातीला दांड्यांमध्ये उभं करायचं, फोटो काढायचा. फोटो झाला की कागद परत. ती दांड्यांना धरून राहायची, सोडायची नाही. मी बोटं सोडवून तिला बाहेर आणायची.

मग बुधवारी एक विशेष शिक्षिका यायला लागली. जयपूरजवळच्या चाकसूची होती, वयानं माझ्या सुनेहून लहान. आठ शाळा तिच्याकडे होत्या. स्कूटीवर एकीतून दुसरीत. डब्यातली पोळी ती उभ्यानं खायची. या मुलीचं आणि माझं आधी पटलं नाही. हिंदीतलं आमचं सगळं बोलणं मी इथं माझ्या मराठीत लिहिते आहे.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, ‘अम्माजी, हिला चड्डी घालायला कशी शिकवता?’

‘आधी पाय घाल म्हणते, मग ओढ म्हणते. आणखी कशी शिकवणार?’

‘मग ती कुठं अडकते?’

‘पायातच. रोज.’

‘म्हणजे रोज ती हरते आणि पुढचं तुम्ही करता. उलटं करा. सगळं तुम्ही करा, गुडघ्यापासून कमरेपर्यंत आणा, शेवटचं एक बोटभर ओढणं तिच्यावर सोडा. ते जमलं की दोन बोटं सोडा. शेवट रोज तिचा असला पाहिजे.’

मी म्हटलं, ‘चार मुलं वाढवली मी. मला उलटं शिकवू नकोस.’

‘ती चार मुलं सरळ होती, अम्माजी,’ ती म्हणाली आणि हसली.

मला राग आला. पण घरी जाऊन करून बघितलं. पहिल्या दिवशी बोटभर ओढलं तिनं आणि माझ्याकडे बघून टाळी वाजवली. तिच्या त्या लुळ्या हातानं वाजली नाही, पण वाजवली. मग मी दर बुधवारी त्या पोरीची वाट बघायला लागले. नाडी काढून इलॅस्टिक लावायला तिनं सांगितलं. बटणांच्या जागी चिकटपट्टी लावायला सांगितली. ताटलीत रवा पसरून त्यात बोटानं नाव गिरवायचं, तेही शेवटच्या अक्षरापासून. आठ महिन्यांत माझी नात एकटी आत जाऊन, सगळं करून, कपडे वर ओढून बाहेर यायला लागली. सांगायला ही काही मोठी गोष्ट नाही. नऊ वर्षांच्या मुलीचं ज्यानं रोज धुतलंय त्यालाच ती विचारावी.

माघ महिन्यात एका बुधवारी तिनं मला एक कागद दाखवला. प्रत्येक अशा मुलाचा एक असतो म्हणाली. त्यावर तीन रकाने होते. मुलाला आज काय येतं, वर्षाच्या शेवटी काय यायला हवं, आणि त्यासाठी शाळा काय देणार. पहिले दोन तिनं बारीक अक्षरात गच्च भरले होते. तिसरा मोकळा होता.

‘हा का रिकामा?’

‘हा मी भरून चालत नाही. शाळेनं भरायचा असतो. माझ्या आठही शाळांत हा रिकामाच आहे.’ मग ती जरा पुढे सरकली. ‘आता पुढच्या वर्षाची शाळेची योजना वर जाईल. त्यात ठरावानं घातलं तर देणं भाग पडतं. आठवड्यातून दोन दिवस शिक्षिका, एक आया, संडासात धरायला दांडा, ही खोली रोज उघडी. या अमावस्येच्या बैठकीत बोला. तुम्ही समितीत आहात.’

समितीत मी होते. सुनेला वेळ नव्हता आणि नावापुरतं कुणीतरी हवं होतं, म्हणून माझं घातलं होतं. तोवर मी बैठकीला जायची, चहा प्यायची आणि परत यायची. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या अमावस्येला मी बोलले. सतरंजीवर दहाबारा माणसं होती. समितीचा अध्यक्ष फरशी घासणारा, पायाच्या भेगांत संगमरवराची पांढरी पूड बसलेली. त्याच्या पलीकडे एक विटा वाहणारी बाई होती. तिच्या मुलाला ऐकू येत नव्हतं. मी मराठी-हिंदी मिसळून सांगितलं. पोरीला काय येत नव्हतं, आता काय येतं, कुणामुळे येतं. खोलीला कुलूप का आहे तेही विचारलं.

मॅडमजी म्हणाल्या, ‘अम्माजी, सामान महागाचं आहे. मुलं तोडतील.’

अध्यक्ष म्हणाला, ‘तोडायलाच दिलं असेल, मॅडमजी. माझ्या मशीनला कागद गुंडाळून ठेवला तर फरशी कोण घासणार?’

सगळे हसले. मॅडमजीही हसल्या. ठराव त्या विशेष शिक्षिकेनं स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहिला, मोकळ्या मोठ्या अक्षरात, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला. दोन दिवस शिक्षिका, आया, दांडा, खोली. त्यात माझ्या नातीचं, त्या बाईच्या मुलाचं आणि आणखी एका मुलाचं नाव. मग रजिस्टर फिरलं. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. माझ्यापाशी आलं.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ‘आज अमावस्या आहे. मी उद्या सकाळी येऊन करते.’

‘माँजी,’ अध्यक्ष म्हणाला, ‘आमची सगळी कामं अमावस्येलाच होतात. बाकीचे दिवस ठेकेदाराचे.’

‘तुमचं तुमच्याकडे. पोरीचं चांगलं काम आहे, मी अशा दिवशी नाव लावणार नाही.’

विशेष शिक्षिका माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘अम्माजी, आज करा. माझं ऐका.’

‘एका रात्रीनं काय होतंय?’

तिनं घड्याळ बघितलं. तिला पुढच्या शाळेत जायचं होतं. मॅडमजी म्हणाल्या, ‘अरे, राहू दे. मोठ्या आहेत, त्यांचं मन आहे. जागा सोडून ठेवा, उद्या करतील.’ दोन वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या होत्या. मला बरं वाटलं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी नातीला वर्गात बसवून मी ऑफिसात गेले. मॅडमजींनी रजिस्टर पुढे सरकवलं. म्हणाल्या, ‘कालच्या पानात खाडाखोड फार झाली होती, म्हणून नवीन पानावर उतरवून घेतलं. अध्यक्षजी सकाळी जाता जाता सही करून गेले. बाकीच्यांच्या येता-जाता घेते.’ पान नवं होतं. अक्षर त्यांचं होतं, एकाला एक चिकटलेलं, घाईचं. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. टेबलापाशी दोन तरुण मास्तरणी उभ्या होत्या. त्यातली एक माझ्या बोटाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं, पण ती बघत होती. मी बोट उचललं, दोन-चार ओळींवरून नुसती नजर फिरवली, मान हलवली आणि सही केली. माझी सही चांगली आहे. चौथीच्या मास्तरांनी पाटीवर घोटून घेतली होती.

उन्हाळ्याची सुट्टी संपली. जुलैत शाळा उघडली त्या दिवशी नातीला नवा गणवेश घातला. चिकटपट्टी तिनं स्वतः लावली. वर्गाच्या दारात मॅडमनी हात आडवा केला. म्हणाल्या, ‘हिचं नाव इथं नाही, अम्माजी. हिचं घरी होणार आता.’

घरी म्हणजे काय ते मी तिथंच विचारलं. जी मुलं अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्यांच्यासाठी शिक्षक घरी जातो. त्याला गृह-आधारित म्हणतात. अंथरुणावरच्या मुलाला ते चांगलंच आहे. माझी नात पाय ओढत का होईना, घरापासून शाळेपर्यंत चालत आली होती आणि दारात उभी होती.

मी ऑफिसात गेले. मॅडमजी शांत होत्या. ‘तुमच्याच संमतीनं झालंय,’ म्हणाल्या आणि रजिस्टर उघडून माझी सही दाखवली. या वेळी मी बोट ठेवलं. लाज वाटायची वेळ निघून गेली होती. पान वाचायला मला किती वेळ लागला कोण जाणे, नात खुर्चीत झोपून गेली. लिहिलं होतं की शाळेत विशेष सोय उपलब्ध नाही. सोय होईपर्यंत खालील तीन मुलांना अभिभावकांच्या, म्हणजे पालकांच्या, संमतीनं घरी शिक्षण द्यावं. खाली माझी सही. ठळक, स्वच्छ.

मी म्हटलं, ‘बैठकीत हे बोलणं झालं नव्हतं.’

‘अम्माजी, मी तुम्हाला पान दिलं होतं ना वाचायला?’

दिलं होतं. हे मी नाकारू शकत नाही. एवढ्यापुरती बाई खोटं बोलत नव्हती, आणि हेच मला अजून पचत नाही. तिनं असं का केलं तेही मला कळतं. सोय करून द्यायचा ठराव झाला असता तर सोय झाली नाही म्हणून तिला विचारलं गेलं असतं. मुलंच घरी गेली तर विचारणार कोण, आणि कशाबद्दल? तिच्याकडे शिक्षक कमी, निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं, वरून रोज नवा फॉर्म. सगळं कळतं. कळलं म्हणून माफ करायला पाहिजे असं मला वाटत नाही.

विशेष शिक्षिकेला फोन केला. तिची बदली झाली होती, दुसरीकडच्या शाळा दिल्या होत्या. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मी म्हटलं होतं, आज करा.’ फोन तिनंच ठेवला.

घरी मुलगा म्हणाला, ‘आई, जाऊ दे ना. घरीच बरी आहे ती. शिकून तिला काय कलेक्टर व्हायचंय?’

मी म्हटलं, ‘तू तरी कुठं झालास?’

सून कणीक मळत होती. ती वर न बघता म्हणाली, ‘तुमच्या अमावस्येनं घेतलं तिचं वर्ष.’ एकदाच म्हणाली. अमावस्येनं नुसतं पान बदलायला वेळ दिला. वाचायचं राहिलं ते मी दोन मास्तरणींच्या समोर अडाणी दिसू नये म्हणून. सुनेला मी हे सांगितलेलं नाही. तिला अमावस्येवर राग काढता येतो, तेवढा काढू दे.

घरी शिकवायला शिक्षक यायचे होते. आले दोनदा. पहिल्यांदा नातीच्या मांडीवर पुस्तक ठेवून फोटो काढला, पाणी प्यायले, गेले. दुसऱ्यांदा वर आलेच नाहीत. खालूनच हाक मारली, ‘माताजी, जरा सही करून जा.’ मी खाली गेले आणि कागद वाचला. महिन्याच्या आठ तारखा भरलेल्या होत्या.

‘आठ दिवस तुम्ही कुठं शिकवत होतात?’

‘माताजी, तुम्ही समजून घ्या.’

‘मी एकदा समजून घेऊन बसले आहे,’ म्हटलं, आणि सही न करता वर आले. त्यानंतर ते फिरकले नाहीत.

नात रोज सकाळी दप्तर घेऊन दारात उभी राहायची. बाहेर शाळेची घंटा ऐकू यायची. पहिले काही दिवस मी तिला गच्चीवर न्यायची, भाजी निवडायला बसवायची. मग ती दारातून हलेना. दोन महिन्यांत परत कपडे ओले करायला लागली. आठ महिन्यांत जे शेवटापासून एकेक बोट शिकली होती, ते दोन महिन्यांत गेलं. आणि ते धुता धुता मी ठरवलं की परत बैठकीला जायचं.

आषाढातली बैठक झालीच नव्हती, पावसानं रस्ते भरले होते. पुढच्या अमावस्येला मी गेले, नातीला घेऊन. आमच्याकडे तो पोळ्याचा दिवस, घरी पुरण घालायचं होतं. सुनेला म्हटलं, आज तुझं तू बघ. सतरंजीवर तीच माणसं. मॅडमजी म्हणाल्या, ‘अम्माजी, आता तुम्ही समितीत कशा? तुमची मुलगी तर...’

‘नाव अजून खोडलेलं नाही,’ मी म्हटलं. ‘रजिस्टर द्या. माघातलं पान मला वाचायचं आहे.’

‘झालेलं आहे ते.’

अध्यक्ष म्हणाला, ‘द्या हो, मॅडमजी. म्हातारं माणूस आहे, वाचू द्या.’

मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. एकेक शब्द. कुठं अडले तर थांबले, परत मागे जाऊन वाचलं. लोक चुळबुळ करत होते. कुणीतरी म्हणालं, मॅडमजींना वाचू द्या, लवकर होईल. मी म्हटलं, लवकर वाचूनच हे झालंय. तीन मुलांची नावं आली तेव्हा ती विटा वाहणारी बाई एकदम पुढे सरकली.

‘यात माझ्या पोराचं नाव आहे?’

‘आहे. दुसरं.’

‘पण तो तर गावी होता आजीपाशी. मी परवाच आणला, उद्या शाळेत पाठवणार होते.’

‘उद्या त्यालाही दारातून परत पाठवतील.’

तिनं मॅडमजींकडे बघितलं, मग अध्यक्षाकडे. ‘भाईसाब, सही तुमची आहे ना?’

अध्यक्षानं वाकून पानावरची स्वतःची सही बघितली. मग म्हणाला, ‘गाडी चालू होती. बंद पडली तर परत लागत नाही. मी गाडीवरूनच सही केली. कालचंच आहे म्हणाल्या.’

‘मीही वाचलं नव्हतं,’ मी म्हटलं. ‘माझी तर गाडीही नव्हती.’

या वेळी कुणी हसलं नाही. ती बाई मात्र थांबली नाही. तिची भाषा मला अर्धी कळली, तेवढी पुरली. ती म्हणाली, माझं पोर बहिरं आहे, मेलेलं नाही, त्याला घरात कशाला घालता? मी दिवसभर विटा वाहते, घरी शिकवायला येणाऱ्याला दार कोण उघडणार? मॅडमजी म्हणाल्या, नियम असा आहे. बाई म्हणाली, नियम दाखवा, अम्मा वाचेल. मॅडमजी म्हणाल्या, ठीक आहे, लिहू या नवीन ठराव. पण नावनोंदणीचं ऑनलाइन पोर्टल बंद झालं आहे, नावं पुढच्या वर्षीच हलतील.

‘नावं राहू द्या तिथं,’ मी म्हटलं. ‘मुलं वर्गात बसतील.’

ठराव मी तिथंच लिहून घेतला, वाचला, एक शब्द बदलायला लावला, परत वाचला. चहा गार झाला. मग सही केली. तेव्हा कुणी तिथी काढली नाही आणि मीही नाही.

एवढंच जमलं. शिक्षिकेची जागा अजून रिकामी आहे. बुधवारी कुणी येत नाही. आया नाही. दांडा एका खाजगी माणसानं लावून दिला, म्हणजे अध्यक्षानं स्वतः येऊन, तोही भिंतीत नीट बसलेला नाही. खोलीचं कुलूप आठवड्यातून एकदा उघडतं आणि आत परीक्षेचे गठ्ठे ठेवलेले असतात. ते तीन रकान्यांचे कागद मुलांच्या नावानं अजून भरले जातात, असं म्हणतात. मला कुणी दाखवत नाही. मी परत व्हरांड्यात बसते. चड्डीचं आम्ही पुन्हा शेवटच्या बोटापासून सुरू केलं आहे, आणि या वेळी जास्त वेळ लागतो आहे. शिकवायचं मी जे बघून शिकले तेवढंच मला येतं. पुढचं त्या पोरीला येत होतं.

नात वर्गात बसते. दुसऱ्या रांगेत, त्या बहिऱ्या मुलाच्या शेजारी. तिसरं मूल अजून आलेलं नाही. वर्गात दोघांना काय कळतं ते देव जाणे. मॅडम सकाळी हजेरी घेतात. दोघांची नावं तिथं नाहीत, पुढच्या जुलैपर्यंत येणार नाहीत. मुलाला ऐकू येत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही. हिला कळतं. शेवटचं नाव झालं की ती बाक धरून उभी राहते आणि ‘येस मॅडम’ म्हणते, तिच्या त्या अर्ध्या शब्दांत. पहिले काही दिवस पोरं हसली. आता हसत नाहीत. तिचं म्हणून होईपर्यंत वह्या न काढता बसून राहतात. मॅडम तोवर हजेरीपट मिटून फळ्याकडे वळलेल्या असतात.